पंगत, शब्दशः

"आपल्या शिपायाची तर पक्की समजूत होती, स्वर्गात मटण असणार," सर म्हणाले, आणि चर्चमधला बुधवारचा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबलचा वर्ग खो खो हसला.

तो शिपाई म्हणजे माझा बाप. त्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, वही उघडी, हातात पेन. मी तिथे आहे हे सरांना चांगलं माहीत होतं, कारण पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघूनच टाकलं. "हिला विचारा. हिचेच वडील. आपल्याला कुठल्या खुर्चीवर बसवणार तेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं असेल." पुन्हा हशा. पंचवीसेक माणसं असतील. डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले, कॉलेजात शिकवणारे. सभ्य माणसं. पोट धरून हसली.

आणि मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू. बावन्न वर्षांची बाई, शाळेत मराठी शिकवते, माझ्यापुढे दहावीची पोरं चिडीचूप बसतात, आणि मी माझ्या मेलेल्या बापाला हसले. सगळे हसतायत म्हणून हसले. मी त्याच्यासारखी अडाणी नाही, मलाही तुमच्यासारखं कळतं, हे दाखवायला हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते. हे लिहायला बसले तेही त्या शरमेपायीच.

सर म्हणजे आमच्या मंडळीतलं मोठं प्रस्थ. निवृत्त प्राध्यापक, ग्रीक शिकलेले, आवाज खणखणीत. चर्च कॅम्पाच्या बाजूला आहे, दगडी, जुनं. ते उभं राहिलं तेव्हाच्या पाच-सहा कुटुंबांतलं सरांचं एक. पणजोबा पेठेतले शास्त्री. ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. ही गोष्ट आम्ही वर्षातून दोनदा तरी ऐकतो. सोसलं त्यांनी, नाही कोण म्हणतंय. माझे आजोबा नगरकडच्या एका गावातल्या महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. त्यांचं श्राद्ध कोणी घातलं नाही, कारण ते जिवंत होते हेच मुळात गावाच्या ध्यानात नव्हतं. ती गोष्ट मंडळीत कोणी सांगत नाही.

आमच्याकडे जात कोणी काढत नाही हं. तेवढे सगळे शिकलेले आहेत. त्यांना म्हणायचं 'जुनी कुटुंबं', आम्हाला म्हणायचं 'बाकीची मंडळी'. झालं. माझ्याच वयाच्या डॉक्टरीणबाई आहेत, सरांच्या नात्यातल्या. सर त्यांना 'आपण' म्हणतात. मला 'अगं'.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या चर्चचे तीसेक वर्षं शिपाई होते. घंटा वाजवायची, झाडायचं, बाकं पुसायची, कोणी गेलं की खड्डा खणणाऱ्यांबरोबर उभं राहायचं. चर्चमागच्या एका खोलीत आम्ही राहायचो. आणि वर्षातून एकदा, उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवारी, आबा वाढायचे. उपासनेनंतर हॉलमध्ये जेवण असतं. पहिली पंगत जुन्या कुटुंबांची. दुसरी बाकीच्या मंडळींची. वाढपी सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरामागच्या पडवीत, उरलेलं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. परंपरा म्हणतात.

मी नऊ वर्षांची होते. रविवारच्या शाळेत माझ्याशेजारी बसणारी मुलगी पहिल्या पंगतीत बसली होती, तिने जागा दाखवली, मी जाऊन बसले. नवा फ्रॉक होता. सरांच्या आई समोरून उठून आल्या. त्यांनी माझा दंड धरला, ओढला नाही, फक्त धरला आणि वर उचलला, आणि म्हणाल्या, "ऊठ गं. ही पंगत तुमची नाही. तुमचं मागे आहे."

आबा रश्श्याची बादली घेऊन दोन पानं पलीकडे उभे होते. त्यांनी बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुढच्या पानाकडे वाकले आणि डाव रिकामा केला. मला सरांच्या आईचा राग आला नाही त्या दिवशी. आबांचा आला.

संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून शास्त्र काढलं. आबा चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचायचे, ओठ हलवत. त्यांनी पान शोधलं, बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "हितं बग. काय लिवलंय?"

मी वाचलं. पूर्वेकडून येतील, पश्चिमेकडून येतील, आणि स्वर्गाच्या राज्यात अब्राहाम वगैरे थोर पूर्वजांच्या पंगतीला बसतील, असं काहीसं होतं. आबांचं बोट 'पंगत' या शब्दाखाली होतं.

"पंगतच हाय ना?"

"हो."

"दुसरा कंचा शबुद न्हाई ना?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणाले. "हितं न्हाई, तितं. देवानं लिवून दिलंय."

ते काही तत्त्वज्ञान नव्हतं. आबांना अक्षरशः म्हणायचं होतं. एक लांब पंगत, त्यात अब्राहाम, त्याच्या शेजारी कोणीतरी, मध्ये आबा. पान मांडलेलं. दुसरा कोणीतरी वाढतोय. त्यांच्या बापाला गावात लग्नाच्या पंगतीपासून शंभर पावलांवर बसवायचे, पंगत उठली की टोपलीत काय पडेल ते घ्यायचं. त्या माणसाच्या मुलाला तुम्ही मराठीत छापून दिलंत की तू पंगतीला बसशील. त्याने दुसरा काय अर्थ घ्यायचा होता?

मी शिकले. बी.ए., बी.एड., वारज्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, स्कूटर. शाळेत अलंकार शिकवायला लागले. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. आणि मला आबांच्या वाचण्याची लाज वाटायला लागली. बुधवारच्या वर्गात सर भविष्यं उलगडून सांगायचे ते ऐकायला मी दर आठवड्याला वारज्याहून कॅम्पात जायचे. फळ्यावर तक्ते काढायचे ते, हे सगळं रूपक आहे म्हणायचे. समुद्रातून चार पशू वर येतात, तो एकेक पशू म्हणजे एकेक साम्राज्य. दहा शिंगं म्हणजे दहा राजे. सिंह म्हणजे अमुक, अस्वल म्हणजे तमुक, नावं, देश, सनावळ्यांसकट. मी भराभर लिहून घ्यायचे. वाटायचं, किती खोल आहे हे सगळं, आणि आमचे आबा बसलेत पान मांडून.

निवृत्त व्हायच्या वर्षी आबांनी आयुष्यात एकदाच काही मागितलं. सरांना म्हणाले, "साहेब, यंदा म्या पंगतीला बसू का? पहिल्या." मी शेजारी उभी होते. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने, बरं का. म्हणाले, "अहो, तुमचं शेवटचं वर्ष. तुमच्या हातचं वाढलेलं सगळ्यांना हवंय. आणि ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं, हे तर प्रभूने स्पष्टच सांगितलंय. त्यात दुसरा अर्थ नाही." आबांनी मान डोलावली. त्या रविवारी त्यांनी भात वाढला. पडवीत जेवले.

पुढे ते आजारी पडले, माझ्याकडे वारज्याला आणलं. शेवटच्या महिन्यात दुसरं काही बोलायचेच नाहीत. पंगत, पंगत. कोण कोण असेल, माझी आधीच गेलेली आई शेजारी बसेल का, की बायकांची वेगळी असेल. एका दुपारी मी वह्या तपासत होते, कंटाळले होते, आणि बोलून गेले. "आबा, तसं खरंच नसतं हो. ते रूपक आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे पंगत म्हणजे खरी पंगत नाही. मनाची शांती, देवाची संगत, असं काहीतरी. तो म्हणायचा एक प्रकार आहे."

आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मंग म्या इतकी वर्सं वाढलं ते बी म्हनायचा परकारच व्हता व्हय?"

मी वही पुढे ओढली आणि लाल पेनाने बरोबरची खूण केली. त्यानंतर त्यांनी पंगतीचं नाव काढलं नाही. नऊ दिवसांनी गेले. माझ्या बापाच्या हातातून मी ते काढून घेतलं, सरांचा शब्द वापरून काढून घेतलं. सरांना माझ्या घरी यावंही लागलं नाही.

म्हणून त्या बुधवारी मी हसले. आणि हसून घरी आले, जेवायला बसले, आणि ताट बाजूला सारलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती कशी असते ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मी वह्या काढल्या. सरांच्या व्याख्यानांच्या सात वह्या. जमिनीवर मांडल्या आणि शिक्षिका पेपर तपासते तशा तपासायला बसले.

शिंग म्हणजे राजा. खरा, जमिनीवरचा, मुकुट घातलेला. पशू म्हणजे साम्राज्य. खरं, फौजफाट्यासकट. पुतळ्याचे पाय, वाटी, शिक्का, सगळ्याच्या मागे काहीतरी खरं, हाताला लागणारं. तिथपर्यंत सरांचं रूपक नीट चालतं. दऱ्या भरून निघतील आणि डोंगर सखल होतील, इथे आलं की एकदम अर्थ काय? 'अंतःकरणाची नम्रता.' उपाशी तृप्त होतील? 'आध्यात्मिक भूक.' पंगत? 'मनाची शांती.' आणि सेवक व्हा म्हटलं की तिथे रूपक नाही. तिथे खरी बादली, खरा डाव. आबांना सांगितलं तसं, त्यात दुसरा अर्थ नाही.

सात वह्यांत एक अपवाद सापडला नाही मला. ज्याने त्यांना खुर्ची सोडावी लागेल ते सगळं रूपक, आणि ज्याने आम्हाला वाकावं लागेल ते शब्दशः. आणि हे मी सात वर्षं सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते.

पुढच्या बुधवारी मी हात वर केला.

"सर, पशू म्हणजे खरं राज्य, मग पंगत म्हणजे खरी पंगत का नाही?"

सर हसले. "अगं, तू मराठी शिकवतेस ना? मूळ ग्रीकमध्ये पंगत नाहीच. तिथे टेकून, आडवं होऊन जेवणं असा शब्द आहे. त्या काळची रीत. पंगत हा भाषांतरकाराचा शब्द."

"भाषांतराला कोण बसलं होतं सर? तुमच्या पणजोबांसारखेच शास्त्री असतील. पंगत म्हणजे काय, तिला कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांना 'जेवतील' लिहिता आलं असतं. 'पंगत' लिहिलं. ज्याने लिहिलं त्याने समजून लिहिलं."

"तू भावनेच्या भरात—"

"मूळ ग्रीकमध्ये नसेल. मराठीत आहे. आणि आम्हाला मराठीत सांगितलंत."

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या. सरांनी फळा पुसला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. "चिडून शास्त्र कळत नसतं," ते म्हणाले. "वडिलांविषयी थट्टेत बोललो ते मनाला लावून घेतलेलं दिसतंय. सोडून दे." मग डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत देवाला सांगितलं की आमच्या एका भगिनीच्या मनातली कटुता काढून टाक. हे एक बरं असतं. तुम्हाला जे माणसाला तोंडावर बोलता येत नाही ते देवाच्या नावाने सगळ्यांसमोर बोलायचं, आणि समोरच्याने त्याला 'आमेन' म्हणायचं. मी म्हटलं नाही.

महिन्याभराने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उपकारस्तुतीच्या जेवणाची यादी आली. सजावट अमुक, गायन तमुक. 'वाढप – भात' यापुढे माझं नाव. आबांच्या मागे ते मला मिळालं होतं. कोणी विचारलं नव्हतं, घराण्याची सेवा म्हणे. दोन वर्षं मी वाढलंही होतं. सिल्कची साडी नेसून, पदर खोचून, वर आनंदाने. या वेळी मी ग्रुपवर लिहिलं, 'मी वाढणार नाही. मी पहिल्या पंगतीला बसणार आहे.' दोनशे दहा माणसं ग्रुपवर. एकाचंही उत्तर नाही. कोणीतरी फुलाचं चित्र टाकलं, सुप्रभात.

रविवारी उपासना संपली. आता बाहेर आवारात मंडप असतो, तिथे बाकीच्या मंडळींना बुफे. आत हॉलमध्ये मात्र पहिली पंगत अजून तशीच, लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, वाढपी. मी आत गेले आणि मधल्या खुर्चीवर बसले. ताटात काही नव्हतं, शेजारी पाण्याचा ग्लास. एक बाई म्हणाली, "इथे राखीव आहे बहुतेक." मी म्हटलं, "हो. म्हणूनच बसलेय." डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या, मी दिसल्यावर त्यांनी खुर्ची वीतभर पलीकडे ओढली. वीतभरच. सभ्य माणसं.

भाताचं पातेलं नव्या शिपायाकडे होतं. चाळिशीचा माणूस, वाघोलीकडून येतो, आमच्यातलाच. एकेक ताट करत माझ्यापर्यंत आला. थांबला. डाव भरलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग टेबलाच्या टोकाला सर बसले होते तिकडे बघितलं. सरांनी नकाराची मान हलवली, किती, तर एवढीशी. तो डाव माझ्या ताटावरून पलीकडे गेला आणि डॉक्टरीणबाईंच्या ताटात रिकामा झाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी त्याला दोष देत नाही. त्याची बायको आणि दोन पोरं त्याच चर्चमागच्या खोलीत राहतात. मी तिथेच लहानाची मोठी झालेय, त्या खोलीची किंमत मला माहीत आहे. भाजी, रस्सा, चपाती, सगळं तसंच वरून गेलं.

सर उठून आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, वाकले, आणि हळू आवाजात म्हणाले, "हा प्रतीकात्मक निषेध आहे का? असेल तर पोचला. आता ऊठ."

"प्रतीकात्मक काही नाही सर," मी म्हणाले, आणि हळू नाही म्हणाले. "सकाळी सातला घरातून निघालेय. मला भूक लागलीय. भात वाढायला सांगा."

टेबलभर चमचे थांबले. सरांच्या तोंडावर जे आलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. भुकेला ग्रीकमध्ये काय म्हणतात ते त्यांना नक्की माहीत असणार, पण ते सांगून चाललं नसतं. ते परत जाऊन बसले. भात आला नाही. मी उठले नाही. पाऊण तास रिकाम्या ताटासमोर बसले, जेवणाऱ्यांच्या मधोमध, हात मांडीवर ठेवून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. त्यांना बघू दिलं. त्यांनी जेवण पूर्ण केलं.

त्या संध्याकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलं. बुधवारच्या वर्गातून काढता येत नाही, दार उघडं असतं, म्हणून मी जाते, आता पहिल्या रांगेत बसते. सर माझ्याकडे न बघता शिकवतात. पंगतीचा भाग त्यांनी या वर्षीच्या अभ्यासातून गाळलाय. वाढपाच्या यादीतून माझं नाव कायमचं काढा असं मी मंडळीला लेखी दिलंय आणि त्यावर पोच घेतलीय. नवा शिपाई मला गेटवर भेटला, त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी पातेलं खाली ठेव आणि माझ्या शेजारी येऊन बस. तो 'बघू बाई' म्हणाला. त्याला वेळ लागेल. माझ्या बापाला आख्खं आयुष्य पुरलं नाही.

मी मात्र बसणार आहे. स्वर्गात काय व्हायचं ते होईल, त्याची मला घाई नाही आणि त्याचा अर्थ मला आता कोणी सांगू नये. मला इथली पंगत हवी आहे, कॅम्पातल्या त्या हॉलमधली, दुपारी बाराची, पहिली. आणि पुढच्या वर्षीही डाव माझ्या ताटावरून पलीकडे गेला, तर मी उठेन, त्याच्या हातातून पातेलं घेईन, स्वतःला भात वाढून घेईन आणि त्यांच्यात बसून खाईन.